आमटीतला केस

उमरगिरीत कुणी गेलं, की लोक आधी एकमेकांना हळूच विचारत, खोचरे अण्णांना कळलंय का. कळलं नसेल तर बरं, अशी त्यात आशा असे. पण अण्णांना कळलेलं असेच. सरणाला अग्नी दिला जाई, माणसं सावली शोधून उकिडवी बसत, आणि तेवढ्यात अण्णा पुढे येत, घसा साफ करत आणि म्हणत, "आज शब्द मुके झाले आहेत." मग ते मुके शब्द तासभर बोलत. गेलेला सुटलेला असे, अडकत ते मागे राहिलेले.

दिगंबर खोचरे एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी माईकसमोर गेली. सोलापूरची गाडी फलाटावर लागली आहे, एवढंच सांगायचं असलं तरी ते अशा आवाजात सांगत, की प्रवाशाला वाटे आपलं आता काहीतरी मोठं भलं होणार. निवृत्त झाले, स्टँड सुटला, माईक काही सुटला नाही. लग्न, बारसं, सत्कार, रसवंतीचं उद्घाटन, जिथे म्हणून चार माणसं जमतील तिथे सूत्रसंचालन अण्णांचं. त्यांना कुणी बोलावत नसे, पण ते आल्यावर हातातून माईक काढून घ्यायची छातीही कुणाची होत नसे. भिडस्त लोकांचं गाव ते. तोंडावर "वा अण्णा, काय बोललात" म्हणायचं आणि पाठ वळली की कपाळावर हात मारायचा. अण्णांनी त्यातलं पहिलंच तेवढं ऐकलं होतं आणि त्यावर ते सुखानं जगत होते. सगळं गाव आपल्यावर जीव टाकतं, ही त्यांची एकुलती एक मिळकत होती.

दुसरी एकुलती एक त्यांची मुलगी, मैथिली. तिची आई गेली तेव्हा अग्नी मैथिलीनंच दिला. चैत्रातलं ऊन होतं. ती आईकडे बघत उभी असताना मागून घसा साफ केल्याचा आवाज आला. अण्णा स्वतःच्या बायकोच्या सरणासमोरही बोलले, चारोळ्यांसकट बोलले. त्यात आईच्या हातच्या धपाट्यांचं वर्णन आलं, मैथिलीचे दहावीचे मार्कही आले. भाषण संपल्यावर काहींनी टाळ्या वाजवल्या आणि चूक ध्यानात येऊन थांबवल्या. त्या दिवशी मैथिलीच्या पोटात जे ढवळून आलं, ते दुःख आहे असं तिला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

पुढे ती 'लोकस्पंद' नावाच्या कंपनीत लागली. कंपनी पट्टे वाटत असे. पोटावर बांधायचा, मऊ, बोटभर रुंदीचा पट्टा. लोक त्याला पित्तपट्टा म्हणत. आपल्या जठराला स्वतःची एक वीज असते. हृदयाला असते तशीच, पण फार संथ, मिनिटाला साधारण तीन लाटा. पोट भरलेलं असो की रिकामं, या लाटा आपल्या चालत राहतात. जागरण झालं, तेलकट झालं, की त्यांची लय बिघडते. पट्टा ही लय मोजायचा आणि फोनवर सांगायचा, आज मिसळ नको. उमरगिरीत पित्त हा पाऊसपाण्याइतकाच बोलण्याचा विषय असल्यामुळे, कंपनीच्या शिबिरात पट्टा फुकट मिळतोय म्हटल्यावर रांगा लागल्या. फोनवर 'मान्य आहे' असं एक बटण येत होतं. ते सगळ्यांनी दाबलं आणि वाचलं कुणीच नाही.

मान्य केलं होतं ते एवढंच, की फोनच्या पडद्यावर काय चाललंय आणि पोटात काय चाललंय, हे कंपनीनं शेजारी शेजारी ठेवून बघावं. कारण जठराची लय आणखी एका गोष्टीनं मोडते, किळसेनं. नासकं दूध नुसतं दिसलं तरी लाट अडखळते, आणि ती अडखळते आपल्याला किळस वाटल्याचं कळायच्या आधी. हे शास्त्राला जुनंच ठाऊक होतं. नवं सापडलं ते असं, की दुधाची किळस आणि माणसाची किळस यांत जठर फरक करत नाही. त्याहून कामाचं म्हणजे, आवडत्या पुढाऱ्याचा फोटो दाखवला तर पोटात काहीही होत नाही. प्रेमाची लाट नसतेच. गावात दोन आघाड्या होत्या, एकीचं चिन्ह कपबशी, दुसरीचं विमान. "आम्ही तीन पिढ्या कपबशीवाले" असं सांगणाऱ्या माणसाला कपबशीचा नेता दाखवला तर त्याचं पोट थंड. विमानाचा नेता दाखवला की लाट मोडायची. म्हणजे तो कपबशीचा नव्हताच मुळी. तो विमानाचा नव्हता, एवढंच काय ते होतं, आणि तेवढ्यावर तो ऊन-पाऊस न बघता मतदानाला जात होता.

पट्टा बांधला की तो तपासून घ्यायची एक पद्धत होती. आधी नासक्या दुधाचा फोटो, मग घरच्या कुणाचा तरी, मग गावातले चेहरे एकामागून एक. मैथिलीनं पहिल्यांदा स्वतःच्याच पोटाला बांधून पाहिला. दुधाला लाट मोडली. मग घरच्या माणसाचा म्हणून अण्णांचा फोटो आला, फेटा बांधून माईक धरलेला, आणि लाट परत मोडली. दुधापेक्षा जरा जास्तच. तिनं तो नमुना पुसून टाकला आणि दुसऱ्याच्या पोटाकडे वळली.

अण्णांनीही हौसेनं पट्टा बांधून घेतला. दुधाच्या फोटोला त्यांची लाट चांगलीच मोडली, म्हणजे पट्टा ठीक होता. नंतर मैथिलीचा फोटो आला, रेष सरळ, म्हणजे लय जशीच्या तशी. ज्या शेजाऱ्यानं त्यांच्या अंगणात भिंत सरकवली होती त्याचा आला, रेष सरळ. विमानवाले, कपबशीवाले, कर्ज बुडवून पळालेला मेहुणा, सगळ्यांना सरळ. गावात प्रत्येकाच्या पोटात निदान डझनभर नकोशी माणसं निघाली होती. अण्णांच्या पोटात एकही निघालं नाही. कंपनीच्या माणसांनी पट्टा बदलून पाहिला, तरी तेच. मैथिलीचे साहेब, निरंजन केळुसकर, ते बघून मनापासून हसले आणि म्हणाले, "असला मतदार सगळीकडे निघाला तर आपण उपाशी मरू."

नगराध्यक्षाची निवडणूक जवळ आली तेव्हा केळुसकरांनी विमानाचं काम घेतलं. विमानाकडून उभे होते बाजीराव लोंढे. त्यांनी बांधलेली पाण्याची टाकी भरली त्याच दिवशी गळायला लागली होती. समोर कपबशीकडून डॉक्टर कल्पना टेके. नगरपालिकेच्या दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं आणायला या बाई मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून आल्या होत्या. गावाला त्या पसंत होत्या. लोंढे त्यांच्या स्वतःच्या भावकीलाही पसंत नव्हते.

केळुसकर मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी मैथिलीला केबिनमध्ये बसवून चहा मागवला आणि विचारलं, जेवताना आमटीत केस निघाला तर आपण काय करतो? केस काढून आमटी खातो का? तर नाही, सगळी आमटी ओतून देतो. आमटीचा काही दोष नसतो, तरीही. किळस ही चिकटणारी गोष्ट असते, शेजारच्याला लागते आणि मग सुटत नाही. लोंढ्यांच्या आमटीत कितीही तूप घातलं तरी ती कुणी खाणार नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या आमटीत केस टाकायचा. गावातल्या जास्तीत जास्त पोटांना जो माणूस नको आहे, तो शोधायचा आणि त्याला डॉक्टरीणबाईंच्या प्रचाराला लावायचा.

मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. गावात दोन दरोडेखोर होते, एक भेसळवाला होता, सावकार तर गल्लीगल्लीला होते. त्या सगळ्यांच्या वर अण्णांचा फेट्यातला फोटो होता. खालच्या सगळ्यांची बेरीज केली तरी अण्णांना पुरली नसती.

"तुम्ही नको म्हणालात तर मी खालचं नाव घेईन," केळुसकर म्हणाले. "त्यानं काम होणार नाही. पण तुमचे वडील आहेत, मी समजू शकतो."

हे बोलणं खरं होतं, तिला नको म्हणता आलं असतं. तिला पुण्याच्या मुख्य कचेरीतली जागा हवी होती, ती याच कामावर मिळणार होती. पण खोटं कशाला बोला, तिच्या डोळ्यांसमोर पुणं नव्हतं. चैत्रातलं ऊन होतं आणि दहावीचे मार्क होते.

"त्यांना पैसेबिसे देऊ नका," ती म्हणाली. "फक्त माईक द्या."

बाकी सगळं तिनंच जमवलं. डॉक्टर टेक्यांच्या दवाखान्यात जाऊन सांगितलं, अण्णांची फार इच्छा आहे तुमच्यासाठी बोलायची. बाईंचा चेहरा पडला. त्यांचे सासरे वारले तेव्हा त्यांनीही तासभर उन्हात काढला होता. पण त्याही उमरगिरीच्याच. अण्णांना नाही कसं म्हणायचं, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि दुसऱ्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन खोचऱ्यांच्या घरी आल्या. एका शब्दानं ती बाई निवडणूक वाचवू शकली असती. तो शब्द उमरगिरीत कुणालाच कधी उच्चारता आला नव्हता.

अण्णांना आकाश ठेंगणं झालं. आजवर ते स्वतःहून जात होते. आता कुणीतरी घरी येऊन, शाल देऊन बोलावलं होतं. जाकीट इस्त्रीला गेलं. डॉक्टरीणबाईंची शाळा, कॉलेज, बक्षिसं, माहेरचं कूळ, सगळं पाठ झालं. रिक्षावर कर्णे बांधले गेले आणि लोक दुपारी जरा पडलेले असताना गल्लीगल्लीत आवाज घुमू लागला. "ओळखलंत का? आपल्या तीर्थरूपांच्या अंत्यविधीला आपली भेट झाली होती," असं ते घराघरासमोर रिक्षा थांबवून म्हणत. लोक दारात येऊन हात जोडत, हसत, पाणी देत, आणि पट्ट्यांमधल्या लाटा पटापटा मोडत.

केळुसकर रोज सकाळी पडदा दाखवत. आधी अण्णा आणि डॉक्टरीणबाई यांचा एकत्र फोटो आला तरच लाट मोडायची. काही दिवसांनी नुसत्या डॉक्टरीणबाईंना मोडू लागली. मग लोकांनी आपापल्या पोटाला कारणंही शोधून दिली. बाई जरा शिष्टच आहे, असं कुणी म्हणालं. डायलिसिसच्या यंत्रात तिनं खाल्लंच असणार, असं दुसऱ्यानं म्हटलं. पोटानं निकाल आधी दिला होता, डोकं नंतर वकिली करत होतं.

एक दिवस अण्णा बसलेला घसा घेऊन घरी आले. मैथिलीनं गरम पाणी आणि ज्येष्ठमध दिला. त्यांनी विचारलं, "लोक ऐकतायत ना गं?"

"ऐकतायत, अण्णा."

"बाई निवडून यायला हव्यात. गावाचं भलं आहे त्यात." आणि ज्येष्ठमध चघळत ते पुन्हा रिक्षात जाऊन बसले.

लोंढे निवडून आले. पानाच्या ठेल्यावर विचारलं तर लोंढ्यांना मत दिलेला माणूस गावात एकही सापडेना. प्रत्येकानं डॉक्टरीण नको म्हणून बटण दाबलं होतं. लोंढे त्या बटणाशेजारी होते, हा त्यांचा पराक्रम. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. आपणच कमी पडलो, माळावरची वस्ती राहून गेली, तिथे दोन सभा घ्यायला हव्या होत्या, असं म्हणत राहिले. मैथिली समोर बसून वरणभात कालवत होती.

संध्याकाळी मिरवणूक आली आणि नेमकी खोचऱ्यांच्या दारात थांबली. गुलाल, हलगी, उघड्या जीपमध्ये लोंढे. त्यांचा कार्यकर्ता रामहरी डोंबे शाल घेऊन उतरला. झिंगलेला होता. हातात माईक होता.

"अण्णा, तुमी नसता तर आमचं इमान उडलंच नसतं बगा," तो म्हणाला. "डाक्टरीणबाईचं एकेक मत तुमी घालवलंय. तुमचं लई उपकार."

अण्णांना वाटलं, हा जिंकलेल्यांचा मोठेपणा आहे. त्यांनी शाल पांघरून घेतली, माईकही घेतला, घसा साफ केला आणि लोंढ्यांचं अभिनंदन करायला सुरुवात केली. "आज शब्द..." एवढंच ते म्हणाले आणि मिरवणूक फुटली. आधी पुढचे हसले, मग मागचे, मग खिडक्यांतले, गच्चीवरचे, शेजारपाजारचे. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं हसू होतं ते, थांबायलाच तयार होईना. अण्णाही थोडं हसले, कारण विनोद काय झाला ते त्यांना समजलं नव्हतं. मग रामहरीनं त्यांना समजावून सांगितलं, पट्टे, पोटं, पडद्यावरचा सगळ्यात वरचा फोटो. लोंढे जीपमधून त्याला गप्प बसायला खुणावत होते.

"माजं खोटं वाटत आसंल तर पोरीला इचारा की," रामहरी म्हणाला. "तिनंच तर जमवलंय समदं."

अण्णांनी दारात उभ्या असलेल्या मैथिलीकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. त्यांनी माईकचं बटण आधी बंद केलं, स्टँडावरची सवय, आणि मग तो नीट दोन्ही हातांनी रामहरीला परत दिला.

त्यांनी तिला काही म्हणजे काही विचारलं नाही. रागावले नाहीत, बोलणं टाकलं नाही. चहा झाला का, दूधवाला आला का, एवढं बोलत राहिले. डॉक्टर टेके सोलापूरला निघून गेल्या. डायलिसिसच्या खोलीला तंत्रज्ञ नाही म्हणून कुलूप लागलं. पूर्वी गावातच उपचार घेणारे आता सोलापूरला खेपा घालू लागले आणि त्यातल्या दोघांना त्या खेपा झेपल्या नाहीत. त्यांच्या अंत्यविधीला अण्णा गेले, मागे सावलीत बसले आणि उठून घरी आले. सगळं कसं झटपट आटोपलं, असं लोक समाधानानं म्हणाले. मैथिलीला पुण्याची जागा मिळाली.

विधानसभेच्या निवडणुकीआधी ती चार दिवस घरी आली. केळुसकरांनी या वेळीही विमानाचंच काम घेतलं होतं. जेवणं झाल्यावर अण्णा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, तो पट्टा असेल तर मला बांध.

तिनं कारण विचारलं.

"तू जेवताना माझ्याकडे बघत नाहीस," ते म्हणाले. "मी तुझ्यावर डूख धरून आहे, असं गावाला वाटतं आणि तुलाही वाटतं. माझ्या मनात काही नाही, मैथिली. पण माझ्या बोलण्यावर आता कोण विश्वास ठेवणार? तू यंत्राचं खरं मानतेस. यंत्रालाच विचार."

तिनं टाळायचा प्रयत्न केला. पट्टा जुना झालाय, उद्या बघू, असं म्हणाली. तोवर त्यांनी सदरा वर करून पोट पुढे केलं होतं. तिनं पट्टा बांधला आणि फोन हातात घेतला. चष्मा बाहेरच राहिल्यामुळे अण्णांना रेष दिसत नव्हती. फोटो तेवढे ते डोळ्यांजवळ धरून बघत होते.

नासक्या दुधाला लाट मोडली. पट्टा ठीक होता. रामहरी डोंबे आला, रेष सरळ. लोंढे, सरळ. केळुसकरांचा फोटो तिनं मुद्दाम घातला, आणि हे सगळं घडवणारा माणूस तो हाच, हेही सांगितलं. सरळ. खिडक्यांतून हसलेले शेजारी एकामागून एक आले, आणि रेष एखाद्या झोपलेल्या माणसाची असावी तशी शांत चालत राहिली. सगळ्या गावाला या माणसानं माफ केलं होतं, कुणी मागितलेली नसताना. मैथिलीनं फोनवर बोट पुढे सरकवलं. मग तिचा स्वतःचा फोटो आला.

लाट मोडली. दुधाला मोडली होती तशीच, पण तिथे थांबली नाही. मोडतच गेली, आणि ताळ्यावर यायला फार वेळ घेतला.

"सरळ आली?" अण्णांनी विचारलं.

"सरळ आली, अण्णा."

"बघ. मला ठाऊक होतं." त्यांचा चेहरा उजळला. ते खाटेच्या कडेला टेकले आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलू लागले, पोटची लेक म्हणजे काय, बापाचं काळीज म्हणजे काय, अगदी जुन्या थाटात, हात हलवत. तिनं एकदाही मध्ये तोडलं नाही. बोलता बोलता त्यांचा हात पोटावर गेला. जरा मळमळतंय, दुपारची भजी बाधली वाटतं, असं म्हणून त्यांनी स्वतःच पट्टा सोडला आणि तिच्या हातात दिला.

दाराशी पोचल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. "मतदानाला आहेस ना? मी माझं ठरवून टाकलंय. तुमच्या कंपनीनं ज्याचं काम घेतलंय, तो सोडून दुसरा."

आजवर उमरगिरीत उभ्या राहिलेल्या प्रत्येक उमेदवाराची शाळा, गाव आणि वडिलांचं नाव या माणसाला तोंडपाठ असे.

"दुसरा कोण उभा आहे, अण्णा?" तिनं विचारलं.

"कोण का असेना," अण्णा म्हणाले आणि चूळ भरायला मोरीकडे गेले.